‘मी निघालो’: एक चिनी मालिका, फॅनफिक्शन आणि माझ्या मित्राचं क्रियापद

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल, किंवा घरात हा विषय मोठ्यानं लावणं अवघड असेल, तर निवांत वाचा. माझे ‘अं... म्हणजे...’ आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात, बाकी बोलले तसंच ठेवलंय. मालिका बघायची असेल तर सावधान, गोष्ट फुटणार आहे.)



आजची गोष्ट एका व्हॉट्सॲप मेसेजपासून सुरू होते. २०१९ ची दिवाळी नुकतीच संपली होती. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. सुट्टीवरून परत येताना माझ्या रूममेटनं रूमच्या ग्रुपवर टाकलं, ‘मी निघालो. रात्री नऊपर्यंत पोहोचतो.’

आता हे मुलींचं हॉस्टेल. त्यामुळे ‘निघालो’वर लगेच हशा पिकला. ‘निघालो काय गं?’ ‘कोल्हापूरची कधी झालीस?’ आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण मी इचलकरंजीची. आमच्याकडे बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. आजी म्हणते, आई म्हणते, मीही म्हणायचे. पहिल्या वर्षाला पुण्यात ‘सर, मी सबमिशन करून आलो’ असं म्हणाले तेव्हा अख्खी लॅब हसली होती. तेव्हापासून जीभ चावत चावत ‘आले, गेले’ शिकले. तर सगळ्यांचं ठरलं की जळगावच्या या पोरीला माझी संगत लागली. मलाही तेच वाटलं. खरं सांगू? जरा भारीच वाटलं.

पण संगतीचा काही संबंध नव्हता.

तो मेसेज लिहिणारी व्यक्ती पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे ट्रान्स मॅन. म्हणून या भागात मी त्याला ‘तो’च म्हणणार, हॉस्टेलच्या दिवसांबद्दल बोलतानाही. नाव सांगणार नाही. रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रिप्ट त्याला पाठवली होती, दोन जागा त्यानं काढायला लावल्या, त्या काढल्या आहेत.

त्या मेसेजच्या आधी काही महिने तो रोज रात्री पांघरुणात फोन घेऊन इंग्रजीत गोष्टी लिहायचा. एका चिनी मालिकेवरच्या गोष्टी, आणि वेगळ्याच नावानं. तिथल्या प्रोफाइलवर त्यानं स्वतःसाठी इंग्रजीतलं ‘ही’ हे सर्वनाम लावलं होतं. (हो, नेमकं मराठीत वाचलं की ते स्त्रीलिंगी होतं. यावर आम्ही नंतर खूप हसलो.) आईला सांगण्याआधी, मला सांगण्याआधी, व्हॉट्सॲपवर ‘निघालो’ लिहिण्याआधी त्यानं ते तिथं वापरून बघितलं होतं.

तर आजचा प्रश्न हा. तलवारी, मंत्रतंत्र आणि भुतांची ही चिनी मालिका. दोन नायकांमध्ये साधं एक चुंबनही नाही. मग जगभरातल्या इतक्या क्वीअर आणि ट्रान्स पोरांनी आपलं लिखाण आणि चित्रं हिच्याच भोवती का उभी केली?

आधी मालिका कोणती ते

‘द अनटेम्ड’. चिनी नाव ‘चेन छिंग लिंग’. २०१९ च्या उन्हाळ्यात टेन्सेंट व्हिडिओवर आली, ५० भाग. मुख्य भूमिकेत शियाओ झान आणि वांग यिबो. ती ज्या कादंबरीवर आहे तिचं नाव ‘मो दाओ जू शी’. मो श्यांग टोंग श्यू या टोपणनावाच्या लेखिकेनं ती २०१५-१६ मध्ये जिनजियांग नावाच्या चिनी साइटवर क्रमशः लिहिली.

ते जग कसं आहे, तर आपल्याकडच्या नवनाथांच्या गोष्टी आठवा. साधना, सिद्धी, भुतं बांधणारे मंत्र. फक्त इथं साधकांची मोठमोठी घराणी आहेत आणि साधक तलवारीवर उभं राहून उडतात. यातल्या लान घराण्याचे नियम तीन हजारांहून जास्त, ते चक्क दगडी भिंतीवर कोरलेले. त्या घराण्याचा शिस्तीचा, अबोल मुलगा म्हणजे लान वांगजी. आणि तिथं शिकायला आलेला बडबड्या, सगळे नियम मोडणारा मुलगा म्हणजे वेई वूशियान. दोघांची आधी भांडणं, मग मैत्री. पुढं वेई वूशियान निषिद्ध विद्येकडे वळतो, हरलेल्या बाजूच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आसरा देतो, सगळं जग त्याच्यावर उलटतं आणि तो मरतो. कादंबरीत १३ वर्षांनी, मालिकेत १६ वर्षांनी परत येतो.

कसा परत येतो, ते महत्त्वाचं. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

जे पडद्यावर बोलायचं नव्हतं

मूळ कादंबरी ‘दानमेई’ प्रकारातली आहे. दानमेई म्हणजे पुरुष-पुरुष प्रेमाच्या कथा, बहुतेक वेळा बायकांनी लिहिलेल्या आणि बायकांनी वाचलेल्या. शब्द मूळ जपानी, अर्थ साधारण ‘सौंदर्यात रमणं’. कादंबरीत हे दोघं उघडउघड जोडपं आहेत.

मालिकेत तसं दाखवता येणं शक्य नव्हतं. चीनमध्ये समलैंगिकता हा गुन्हा नाही. १९९७ मध्ये ते कलम गेलं आणि २००१ मध्ये मानसिक आजारांच्या यादीतूनही ती वगळली गेली. पण पडद्याचे नियम वेगळे. २०१६ मध्ये ‘अ‍ॅडिक्टेड’ ही दोन मुलांच्या प्रेमाची वेब-मालिका चालू असतानाच काढून टाकली. २०१७ मध्ये ऑनलाइन कार्यक्रमांसाठी जी नियमावली आली, तिच्यात समलैंगिक संबंधांना सरळ ‘असामान्य’ नात्यांच्या यादीत बसवलं होतं.

मग ‘द अनटेम्ड’च्या मंडळींनी काय केलं? प्रेम काढलं आणि ‘झ्‌र्ची’ हा जुना शब्द ठेवला. अर्थ, मला आतून ओळखणारा माणूस. संवादात मैत्री, पण नजरा, थांबणं, बासरीची धून सगळं जसंच्या तसं. सेन्सॉरला मित्र दिसले. बाकी सुज्ञांस सांगणे न लगे.

आणि इथंच फॅन मंडळींना जागा सापडली. सगळं स्पष्ट सांगून टाकलेली गोष्ट आपण बघतो आणि सोडून देतो. पण जिच्यात मुद्दाम फटी ठेवल्यात, ती डोक्यात घोळत राहते. फटीत काय भरायचं हे ज्याचं त्यानं ठरवलं. कुणी प्रेम भरलं. आणि काही जणांना तिथं आपलं शरीर दिसलं.

परकायाप्रवेश

आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे. मच्छिंद्रनाथांची परकायाप्रवेशाची गोष्ट आजीकडून ऐकली असेल. तिथं नाथ स्वतःच्या इच्छेनं दुसऱ्याच्या देहात शिरतात. वेई वूशियानला कुणी विचारत नाही. मो श्वान्यू नावाचा एक छळलेला तरुण सूड घेण्यासाठी विधी करतो, स्वतःचं शरीर देऊन टाकतो, आणि वेई वूशियानला त्या देहात जाग येते.

हा मो श्वान्यू कोण? कादंबरीत तो समलैंगिक आहे, बड्या घराण्यातून हाकललेला, तोंडाला पावडर-लाली फासणारा, गावात ‘वेडा’ म्हणून ओळखला जाणारा. त्याला जी शिवी मिळते ती आहे ‘कापलेली बाही’. ही शिवी दोन हजार वर्षांची आहे बरं का! हान घराण्याचा सम्राट आई आपल्या प्रियकराबरोबर झोपला होता. उठायची वेळ झाली तर प्रियकराचं डोकं सम्राटाच्या बाहीवर. त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटानं बाहीच कापली, अशी कथा. इतक्या हळव्या गोष्टीतून शिवी तयार झाली.

आता वेई वूशियानच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आरशातला चेहरा तुमचा नाही. सगळे तुम्हाला दुसऱ्याच नावानं हाक मारतात आणि खरं नाव सांगायची सोय नाही, जिवाला धोका आहे. मग एका डोंगरावर संकटाच्या वेळी तो घाईत केलेल्या बासरीवर एक धून वाजवतो, मनात आली ती. ती धून जगात फक्त दोघांना माहीत आहे, कारण ती लान वांगजीनं त्याच्यासाठी रचली होती. लान वांगजी येऊन त्याचं मनगट धरतो. कादंबरीत चेहरा पूर्ण वेगळा असूनही त्याला त्या क्षणी कळलेलं असतं, आणि तो काही न विचारता सोबत राहतो. (मालिकेत सोयीसाठी चेहरा तोच ठेवलाय, वर मुखवटा.)

माझ्या मित्राला मात्र दुसराच एक धागा जास्त लागला होता. वेई वूशियान मरण्याच्या कितीतरी आधी, आपल्या भावासारख्या मित्रासाठी स्वतःच्या शरीरातली सिद्धीची गाठच शस्त्रक्रिया करून देऊन टाकतो आणि कुणालाही सांगत नाही. त्यानंतर तो तलवार वापरू शकत नाही. सगळे विचारतात, तलवार का आणली नाहीस? तो हसून काहीतरी उडवाउडवी करतो. लोक म्हणतात, माजलाय.

मित्र म्हणाला, ‘गॅदरिंगला साडी का नाही नेसलीस, या प्रश्नाला मी चार वर्षं जी उत्तरं दिली, ती सगळी याच चालीची होती.’

लेखिकेनं ही ट्रान्स माणसाची गोष्ट म्हणून लिहिली, असा माझा दावा नाही. पण शरीर वेगळं, नाव वेगळं, लपवलेली शस्त्रक्रिया आणि तरीही ओळखणारा एक माणूस, एवढं साहित्य एका गोष्टीत मिळालं तर ज्याला गरज आहे तो ते उचलणारच.

फॅन म्हणजे नुसते टाळ्या वाजवणारे नव्हेत

फॅनफिक्शन म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं घेऊन आपण लिहिलेली गोष्ट. सगळ्यात मोठं घर म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, लाडाचं नाव ‘एओथ्री’. २००९ मध्ये खुलं झालं, देणग्यांवर चालतं, जाहिराती नाहीत, सगळं काम स्वयंसेवकांचं, कोडही ओपन सोर्स. एक कोटीहून जास्त कलाकृती आहेत तिथं. २०१९ मध्ये या साइटला विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

तिथं ‘द अनटेम्ड’वरच्या ट्रान्स गोष्टींचा वेगळा असा ढीगच आहे. ट्रान्स वेई वूशियान, ट्रान्स लान वांगजी, आणि पंख्याआड लपणारा न्ये ह्वायसांग अनेकांच्या लेखी नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री-पुरुष या दोन्ही खणांत न बसणारा.

इथं एक फरक लक्षात घ्या. फॅन-लिखाणात ‘जेंडरबेंड’ नावाचा जुना खेळ आहे. नायक जर जन्मापासून बाईच असता तर? किंवा कुणाच्या तरी शापानं सकाळी उठून बाई झाला तर? यात गंमत असते, कधी कधी चावटपणा. ट्रान्स गोष्ट वेगळी. तिच्यात पात्राचा लिंगभाव आधीपासून तोच असतो, जग चुकीचं बघत असतं. म्हणजे आपल्या ओळखीचा तोच वेई वूशियान, पण जन्माच्या वेळी त्याला मुलगी म्हटलं गेलं होतं.

मित्राची सगळ्यात मोठी गोष्ट अशीच होती. लान घराण्याच्या डोंगरावर मुलांची आणि मुलींची राहायची जागा वेगळी, हे मूळ कथेतच आहे. तर वेई वूशियान शिकायला येतो, दारावरचा शिष्य नोंदवहीत नाव लिहितो आणि विचारतो, कुठल्या बाजूला? त्या एका प्रश्नावर त्यानं पहिलं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. माझ्या शेजारच्या कॉटवर बसून. मुलींच्या हॉस्टेलमध्ये. मी समोर कॅम्पस प्लेसमेंटचं ॲप्टिट्यूड सोडवत होते.

टॅगची करामत

आता थोडं माझ्या धंद्यातलं. कंटाळू नका, दोन मिनिटं.

पहिल्या नोकरीत मला एक जुना डेटाबेस सांभाळायला मिळाला. त्यात ग्राहकांच्या टेबलमध्ये एक कॉलम होता, ‘इज मेल’. शून्य किंवा एक. बास. पुढं कुणीतरी तिसरा पर्याय मागितला तर अंदाज आला तब्बल सहा आठवड्यांच्या कामाचा, कारण तो शून्य-एक चाळीस ठिकाणी गृहीत धरलेला होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्यानं जग जसं दिसलं तसं त्या कॉलममध्ये कोंबलं, आणि पुढची दहा वर्षं माणसं त्यात बसत राहिली.

एओथ्रीवर उलट आहे. लेखक टॅगच्या जागी मनाला येईल ते लिहू शकतो. एकजण लिहितो ‘ट्रान्स वेई यिंग’, दुसरा ‘ट्रान्स वेई वूशियान’, तिसरा स्पेलिंगच चुकवतो. (वेई यिंग हे त्याचं जन्मनाव, वूशियान हे मोठेपणी मिळालेलं. जुन्या चीनमध्ये तशी पद्धत होती.) मग ‘टॅग रँगलर’ म्हणून ओळखले जाणारे स्वयंसेवक मागं बसून हे सगळे शब्द एका मुख्य टॅगला जोडतात. तुम्ही एक शोधलं की सगळ्या गोष्टी सापडतात, आणि लेखकाचा स्वतःचा शब्द तसाच राहतो.

बघा, शिस्त दोन्हीकडे आहे. पण पहिल्या पद्धतीत माणूस आधीच ठरवलेल्या खणात जातो. दुसरीत माणूस आधी बोलतो आणि खण नंतर जुळवले जातात. नालसा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा तत्त्व साधारण हेच होतं.

आणि टॅग वाचवतोही. ‘या गोष्टीत पात्राला जुन्या नावानं हाक मारली आहे’ असं आधीच लिहिलेलं असलं, की ज्याला ते झेपणार नाही तो पुढं जातो. हॉस्टेलच्या ग्रुपवर अशी सोय नव्हती.

तो, ती आणि ‘ता’

चिनी भाषेत क्रियापदाला लिंग नाही. तृतीयपुरुषी सर्वनाम बोलताना एकच, ‘ता’. तो, ती, ते, सगळ्यांना ‘ता’. लिहिताना मात्र चिन्हं वेगळी, आणि तीही अलीकडची. ‘ती’साठीचं वेगळं चिन्ह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलं, कवी आणि भाषातज्ज्ञ ल्यू बाननोंग यांनी १९२० च्या सुमारास त्याचा पुरस्कार केला. आज चिनी इंटरनेटवर लिंग सांगायचं नसेल तर लोक सरळ रोमन अक्षरांत ‘ता’ लिहितात. म्हणजे दानमेईची ऑडिओ नाटकं, जी चीनमध्ये प्रचंड ऐकली जातात, त्यात नुसतं कानानं ऐकताना कुणी ‘तो’ म्हणाला की ‘ती’, कळतच नाही!

इंग्रजीत ‘ही’ आणि ‘शी’ आलं, पण ‘मी’ला सुटका आहे. ‘आय केम’ म्हणालात तर तुम्ही कोण हे कळत नाही.

आणि आपली मराठी? आपण तोंड उघडलं की पकडलो जातो. आलो का आले, जातो का जाते. ‘मला भूक लागलीये’ म्हणेपर्यंत ठीक, पण ‘मी जेवतो’ म्हटलं की सगळं कळलं. मित्रानं मला नंतर सांगितलं की इंजिनिअरिंगच्या मधल्या दोन वर्षांत तो मुद्दाम अशीच वाक्यं शोधायचा. ‘मला जायचंय.’ ‘माझं झालं.’ ‘येणं होईल संध्याकाळी.’ आम्हाला वाटायचं, काय जुन्या नाटकातल्यासारखं बोलते ही!

इंग्रजीत गोष्टी लिहिणं त्याला म्हणूनच सोपं गेलं. पात्राच्या आडून ‘तो’ म्हणता येत होतं आणि स्वतःबद्दल नुसतं ‘आय’. तिथं काही महिने सराव झाला, मग मराठीतलं पहिलं ‘निघालो’ आलं. आणि आम्ही सगळ्यांनी ते कोल्हापूरच्या खात्यात टाकलं.

२९ फेब्रुवारी २०२०

आता वाईट भाग.

फॅन-लिखाणात एक उपप्रकार खऱ्या माणसांवर लिहिण्याचा आहे, म्हणजे पात्रांऐवजी नटांवर. २०२० च्या फेब्रुवारीत अशीच एक चिनी गोष्ट एओथ्रीवर येत होती. तिच्यात शियाओ झानला लिंगभावाच्या कुचंबणेत जगणारी, स्त्रीवेशात राहून देहविक्रय करणारी व्यक्ती दाखवलं होतं, आणि वांग यिबोला तिच्या प्रेमात पडलेला शाळकरी मुलगा. शियाओ झानचे काही चाहते खवळले. आमच्या माणसाला बायकी दाखवून बदनाम केलं, असा त्यांचा एक मुख्य आक्षेप. त्यांनी संघटितपणे सरकारी यंत्रणेकडे तक्रारी केल्या. नेमका १ मार्चपासून ऑनलाइन मजकुराबाबतचा नवा कडक नियम लागू होणार होता. २९ फेब्रुवारीला चीनमधून एओथ्री उघडणं बंद झालं.

तक्रार एका गोष्टीची आणि दार बंद झालं सगळ्यांचं. चिडलेल्या लेखक-वाचकांनी मग शियाओ झान ज्यांच्या जाहिराती करत होता त्या कंपन्यांवर बहिष्कार टाकला. त्याच्या कार्यालयाला माफीनामा काढावा लागला. वास्तविक तक्रार त्यानं स्वतः केलेली नव्हती. चीनमध्ये या सगळ्याला ‘२२७’ म्हणतात, कारण २७ फेब्रुवारीला वाद पेटला.

खऱ्या, जिवंत माणसावर असं लिहावं का? माझं मत विचाराल तर मला ते पटत नाही, त्यात अल्पवयीन पात्र असेल तर अजिबातच नाही. पण अपमान नेमका कशात वाटला, ते बघा. शियाओ झानवर तलवार चालवणाऱ्या, मरणाऱ्या, खून करणाऱ्या हजारो गोष्टी होत्या. त्याला ट्रान्स दाखवणं हा मात्र अब्रूचा प्रश्न झाला.

जळगावच्या त्या पोराला या सगळ्याचा पत्ता एका छोट्या गोष्टीवरून लागला. त्याच्या दर प्रकरणाखाली चीनमधली एक व्यक्ती मोडक्या इंग्रजीत दोन ओळी लिहायची. दर शनिवारी, न चुकता. मार्चच्या पहिल्या शनिवारी काही आलं नाही. दुसऱ्याही नाही. मग आपल्याकडे लॉकडाऊन लागला, आम्ही सामान भरून घरी गेलो, त्याचं लक्ष तरी त्या कमेंटवर. ती व्यक्ती परत आली नाही. ‘ती’ म्हणतेय, पण व्यक्ती स्त्रीलिंगी म्हणून. बाई होती की बुवा, आम्हाला माहीत नाही. त्या माणसाला स्वतःबद्दल काय म्हणायचं होतं, तेही नाही.

पुढं २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चिनी प्रसारण खात्यानं ‘बायकी पुरुषां’चं सौंदर्य पडद्यावरून हटवण्याचा आदेश काढला आणि दानमेईवरच्या मालिकाही नकोत असं बजावलं. चित्रीकरण झालेल्या मालिका डब्यात गेल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच लेखिकेच्या कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद अमेरिकेत आले आणि थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत जाऊन बसले.

मग सगळं छानच आहे का?

नाही. दोन आक्षेप प्रामाणिकपणे मांडते.

एक, दानमेई मुळात क्वीअर लोकांसाठी नव्हतीच. बायकांच्या कल्पनारंजनात गे पुरुष हे खेळणं झालंय, अशी टीका चीनमधल्या गे पुरुषांनीही केलीये. ट्रान्स शरीराबद्दलही असंच होतं, निव्वळ कुतूहलापोटी लिहिलेल्या गोष्टी भरपूर आहेत. मित्र म्हणतो, ‘दहातल्या सात मी अर्ध्यात सोडतो. पण उरलेल्या तीन मला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात मिळाल्या नाहीत.’

दोन, गोष्टीतली स्वीकृती म्हणजे आयुष्यातली स्वीकृती नाही. चिनी तलवारकथांमध्ये दोंगफांग बूबाई नावाचं पात्र आहे, जिन योंग यांच्या साठच्या दशकातल्या कादंबरीतलं. विद्येसाठी पुरुषत्व कापून टाकणारा खलनायक. १९९२ च्या ‘स्वोर्ड्समन २’ चित्रपटात ही भूमिका ब्रिजिट लिन या अभिनेत्रीनं केली आणि लोक त्या पात्राच्या प्रेमात पडले. चीनची नर्तिका जिन शिंग एकेकाळी सैन्याच्या नृत्यपथकात होती. १९९५ मध्ये तिनं लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली, पुढं टीव्हीवर स्वतःच्या नावाचा लोकप्रिय कार्यक्रम चालवला. तरीही तिथं साध्या ट्रान्स माणसाला ओळखपत्रावरचं लिंग बदलायचं तर आधी शस्त्रक्रिया करावीच लागते. पडद्यावर टाळ्या मिळाल्या म्हणून खिडकीवरचा कारकून ऐकत नाही.

मग उपयोग काय? मला वाटतं, सराव. नवं नाव, नवं सर्वनाम आपल्याच तोंडात कसं लागतं, ते कमी धोक्यात बघायला एक जागा. ती जागा बंद झाली की फक्त गोष्टी जात नाहीत, कुणाची तरी तालीम अर्ध्यावर थांबते.

शेवटी

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, त्यानं मला फोनवर सगळं सांगितलं. मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? ‘म्हणजे ते निघालो कोल्हापुरी नव्हतं?’ मग दोघंही हसलो आणि मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही. मला वाईट याचं वाटलं की बासरी तर माझ्या कानाशीच वाजत होती.

तुमच्या आसपास असं कुणी असेल तर दोन साध्या गोष्टी. त्याचं ऑनलाइन नाव तुम्हाला कळलं असेल तर ते कुणाला सांगू नका, शोधून काढायच्या भानगडीतही पडू नका. आणि कुणी एखाद दिवशी वेगळं क्रियापद वापरलं तर लगेच दुरुस्त करू नका, ग्रुपवर हसू नका. नुसतं ऐका. तो स्वतः सांगेल, किंवा सांगणार नाही.

२०२१ च्या दिवाळीत तो इचलकरंजीला आमच्या घरी आला होता. दारातून आत येत म्हणाला, ‘आजी, मी आलो.’ अख्ख्या महाराष्ट्रात या वाक्यावर कुणाची भुवई वर जाणार नाही असं हे एकच घर असेल. आजी फराळाचं ताट भरत होती. वर न बघता म्हणाली, ‘ये ये. जेवलीस का?’

परत जाताना एसटीच्या खिडकीतून मला म्हणाला, ‘अर्धं जमलं की गं.’

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.